खरवडलेला नंबर

धाकट्यांचं थोरल्यांना काहीच आवडत नसे, आणि सगळ्यात नावडतं होतं ते त्यांचं टेबल.

दोघे नात्यानं साडू. थोरले मोठ्या बहिणीचे यजमान, धाकटे पाठच्या बहिणीचे. त्यामुळे सगळा गोतावळा त्यांना याच नावांनी ओळखे. थोरल्यांनी टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षं काढली आणि जोडीला घरच्या मागच्या खोलीत वाजणाऱ्या वस्तू दुरुस्त केल्या. टेपरेकॉर्डर, अॅम्प्लिफायर, कीबोर्ड, जे कोणी आणून देईल ते. त्यांचं टेबल म्हणजे जुन्या दाराची फळी, आणि सुटे भाग बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांत. कुठल्या डब्यात काय आहे ते फक्त त्यांनाच ठाऊक. बायकोनं एकदा विचारलं, डब्यांवर नावं घालू का? तर म्हणाले, "म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यानं वाचायला?"

धाकटे बँकेतून निवृत्त झाले आणि मोबाइलवर बघून बघून दोन वर्षांत तेच काम शिकले. त्यांच्या टेबलावर भिंगाचा दिवा, शेजारी छोट्या खणांचं कपाट, प्रत्येक खणावर चिठ्ठी. अक्षर असं की छापल्यासारखं. जी वस्तू दुरुस्त करतील तिच्या झाकणाला आतून ते कागदाची एक पट्टी डकवत आणि तिच्यावर लिहीत: तारीख, बिघाड, बदललेला भाग.

"पुढच्याला सोपं जातं," असं ते म्हणत.

"पुढचा कोण?" थोरले घरी येऊन बायकोला विचारत. "आपण जिवंत असताना पुढचा कशाला हवा?"

"पोटात दुखतंय तुमच्या."

"मला काय दुखायचंय?"

दुखत होतंच. एकेक करून सगळी गिऱ्हाइकं तिकडे वळली होती. उरल्या होत्या एकट्या गाण्याच्या बाई. त्यांचा कीबोर्ड थोरले बावीस वर्षं सांभाळत होते. त्याच्यावर शिकलेल्या मुलींच्या मुली आता त्याच्यावर शिकत होत्या. मागच्या महिन्यात तो अचानक मुका झाला. बाईंनी फोन केला, तेव्हा थोरले म्हणाले, "बघू, सवड झाली की." सवड त्यांना सकाळपासून संध्याकाळपर्यंत होती. पण दोनचारदा विनवल्याशिवाय हो म्हणायचं नाही, ही त्यांची जुनी रीत. बाईंनी विनवलं नाही. त्यांनी कीबोर्ड धाकट्यांकडे पाठवून दिला. मेहुणीनं ते फोनवर सहज सांगितलं, आणि थोरल्यांना दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी धाकटे स्वतःच दारात उभे. काखेत चादरीत गुंडाळलेला कीबोर्ड.

"दादा, हरलो मी," ते म्हणाले.

ते शब्द थोरल्यांना इतके गार वाटले की त्यांनी आपण होऊन खुर्ची पुढे केली.

धाकट्यांनी झाकण उघडून दाखवलं. "हा आवाज बाहेर टाकणारा शेवटचा आयसी जळालाय. नऊ पायांचा. मूळचाही नाहीये, कोणीतरी दुसराच घालून पायांना तारा जोडल्यात. ते ठीक. पण कुणा हलकटानं वरचा नंबर खरवडून टाकलाय. कुठला आणायचा, काही कळायला मार्गच नाही. बाईंना म्हटलं, आता नवा घ्या. नुसत्या पट्ट्यांवरून हात फिरवत बसल्या. म्हणून म्हटलं, शेवटचं तुम्हाला विचारावं."

थोरले वाकले. आयसीच्या तोंडावर तीन तिरप्या रेघा आणि एक आडवी. ब्लेड त्यांचंच होतं. अठरा वर्षांपूर्वी कोपऱ्यावर एक रेडिओवाला होता. थोरल्यांनी दुरुस्त केलेल्या वस्तू उघडून आत काय घातलंय ते तो पाहतो, असा त्यांना संशय. तेव्हापासून चांगला भाग आणला की आधी त्याचा नंबर खरवडायचा, हे ठरलेलं. रेडिओवाला गेला, त्याचं दुकान गेलं. आणि आता नंबर थोरल्यांनाही आठवेना.

पण कुठलाही भाग ते दोन घेत. याचा जोडीदार निळ्या डब्यात होता. तो काढला तर कीबोर्ड आज वाजला असता. फक्त त्याच्याही तोंडावर तीन तिरप्या आणि एक आडवी होती.

नाही काढला तर धाकटे हरलेले ते हरलेलेच राहणार होते. या विचाराची चव थोरल्यांनी जरा वेळ जिभेवर घोळवली. मग त्यांना दिसलं की बाई नवा कीबोर्ड घेतील, गॅरंटीवाला, आणि मग त्या कोणाच्याच राहणार नाहीत.

बायको चहा घेऊन आली. "निळ्या डब्यात बघा ना," ती म्हणाली. "असले खूप पायांचे किडे आहेत त्यात."

"तू माझे डबे उघडतेस?"

"मग आतली धूळ कोण पुसतं?"

आता सुटका नव्हती. थोरल्यांनी डबा काढला. धाकट्यांनी जळका आयसी सोडवला आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. बघत राहिले.

"हलकट म्हणालो मी," ते हळूच म्हणाले.

"ऐकलं मी. चहा घ्या, निवतोय."

थोरल्यांनी नवा आयसी बसवला, कथलाचे नऊ डाग दिले. हात जराही हलला नाही, आणि धाकटे टक लावून बघताहेत हे त्यांनी बरोबर टिपलं. बटण दाबलं. धाकट्यांनी एका बोटानं सारेगम वाजवलं. प्रत्येक सूर स्वच्छ निघाला.

मग धाकट्यांनी झाकणाला आतून पट्टी डकवली. आता सुट्या झालेल्या जळक्या आयसीवर टाल्कम पावडर चोळून त्यांनी तो उजेडात तिरपा धरला. खरवडलेल्या अंकांचे खालचे अर्धे तेवढे पांढरे उमटले. ते एकेक अंक ओळखून लिहीत गेले, त्या छापील अक्षरात. बाकीचे अंक समोर येताच थोरल्यांना शेवटचा लख्ख आठवला. धाकट्यांनी तिथे एक लिहिला होता.

गप्प राहिलं तर पुढच्या वेळी धाकटे चुकीचा भाग मागवतील. पुन्हा याच दारात येतील. पुन्हा म्हणतील, दादा, हरलो. थोरल्यांनी चहाचा घोट घेतला. निळ्या डब्यात आता दुसरा नव्हता.

"सात आहे तो," ते म्हणाले. "एक नाही."

धाकट्यांनी एक खोडला, त्याच्या डोक्यावर सात काढला. शाई फिसकटली आणि सुंदर ओळीच्या टोकाला निळा डाग पडला.

"शी. थांबा, दुसरी पट्टी लावतो."

"राहू द्या हो," थोरले म्हणाले. "आत कोण बघतंय?" आणि त्यांनी चटकन झाकण बसवून अकराच्या अकरा स्क्रू स्वतःच्या हातानं आवळले.