अंगात आलं ते देव नव्हतं

बायको गेल्यावर मी देवाशी बोलणं टाकलं होतं. हे आधीच लिहितो, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला मोठा भक्त समजायला नको. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. तरुणपणी पलटणीत होतो, ब्रह्मदेशच्या लढाईला जाऊन आलो. परत आल्यावर सोलापूरच्या गिरणीत लागलो, लग्न केलं, पोरगा वाढवला. लढाईचं कुणी विचारलं तर तिकडं पाऊस लई होता, एवढंच सांगायचो. तेव्हा मला काही झालं नव्हतं. म्हणून म्हातारपणी जे सुरू झालं ते लढाईचं असेल, असं डोक्यातसुद्धा आलं नाही.

ती गेली आणि थोड्याच दिवसांत गिरणीचा भोंगा मला सोसेना. उभा जन्म त्या भोंग्यावर उठलो, जेवलो. आता तो वाजला की विमानं आली असं वाटायचं आणि मी खाटेखाली शिरायचो. अंगाला घाम, हातांना कापरं, नाकात जळक्याचा वास. एकदा सूनबाईनं वाकून पाहिलं. "मामंजी, काय हुडकताय?" मी म्हणालो, "चप्पल." चप्पल माझ्या पायातच होती. त्यानंतर ती माझ्याजवळ एकटी थांबेना. बायको असताना हे का झालं नाही, मला कळत नाही. तिची बडबड दिवसभर चालायची. तिच्यापुढं बाकीचं काही ऐकूच येत नसेल.

मग मी सिद्धेश्वराच्या तळ्यावर जाऊन बसू लागलो. पाण्याकडं बघून बरं वाटायचं, आणि ते बरं वाटणं चांगलं नव्हतं. एक दिवस त्यातच उतरायचं, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. भीती नव्हती, नुसता थकवा होता.

पोराला वाटलं, बाहेरची बाधा असेल. एका मंगळवारी तो मला वस्तीतल्या यल्लम्माच्या देवळात घेऊन गेला. मी नाही म्हणालो नाही. पोराचं एवढं ऐकावं आणि मग तळ्याकडं जावं, असं ठरवून गेलो.

आरतीला हलगी सुरू झाली. आधी दात आवळून उभा राहिलो. मग ती कडकडली आणि डोळ्यांपुढचं देऊळ गेलं. चिखल, झाडं, आणि पोट धरून बसलेला माझा पलटणीतला जोडीदार, मला हाका मारणारा. मी फरशीवर पडलो, सगळं अंग उडू लागलं. तोंडानं मी त्याचं नाव घेत होतो, असं पोरगा सांगतो.

लोकांना वाटलं, अंगात आलं. बायका सरकल्या, कुणी कपाळभर भंडारा लावला, कुणी पायावर पाणी घातलं. एकजण विचारू लागली, "आई, माझी लेक नांदायला कधी जाईल, सांग की." हलगीवाल्यानं आणखी जोर लावला. वारं आलेल्या माणसाला आपल्यात कुणी धरत नाही. देवाला कसं धरायचं? म्हणून मला कुणी हात लावला नाही. मान वळवली तर पोरगा हात जोडून उभा. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, बापाच्या अंगात देवी आली म्हणून. मी मरत होतो आणि माझं पोर मला नमस्कार करत होतं. एवढा एकटा मी लढाईतही नव्हतो.

त्या देवळात देवीची परडी घेऊन जोगवा मागणारी एक थोराड बाई होती. दर मंगळवारी देवी यायची ती तिच्या अंगात. ती उठली आणि तिनं हलगीवर हात ठेवला. "थांबीव. ह्यो देव न्हवं. माणूस हाय, भ्यालाय."

कुणीतरी म्हणालं, "अक्का, असं बोलू नका, कोप हुईल."

"हुंदे मला. आई माझ्या अंगात येती, मला कळंना व्हय?" मग ती पोराकडं वळली. "हात काय जोडतोस? बाप हाय तुझा. धर त्याला."

पोरगा खाली बसला आणि त्यानं मला मागून कवेत धरलं. माझं अंग हळूहळू निवलं. ती बाई शेजारी टेकली. "अण्णा, पलटणीत हुता का?" मी मान हलवली. "माझा भाऊ बी हुता. असाच उडायचा. आमी हार घातलं, गाव पाया पडलं. धरलं न्हाय कुणी. गेला हिरीत. सरकारी दवाखान्यात असल्याचा डाक्तर असतो, ते आमाला मागनं कळलं. तुमी जावा."

"येड्यांचा का?"

"व्हय, येड्यांचा. हिरीपरीस बरा की."

तळ्याचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. ती बोलली भावाच्या विहिरीचं, मला ऐकू आलं माझं तळं. बोलली ती बाई की देवी, यावर मी वाद घालत नाही. त्या दिवशी मी तळ्याकडं गेलो नाही, घरी आलो.

डॉक्टर तरुण होता. लढाईत काय पाहिलं, असं त्यानं विचारलं. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी नुसता रडलो. त्यानं गोळ्या दिल्या, पुन्हा या म्हणाला. मी जातो. गिरणीतले जुने लोक विचारतात, "काय, डोकं दुरुस्त झालं का?" झालेलं नाही. कापरं येतंच. बायको नाहीच. काही सकाळी उठावंसं वाटत नाही.

त्या बाईकडं खण-नारळ घेऊन गेलो तर म्हणाली, "ते आईला ठेवा. मला च्या पाजा." चहा पिताना तिनं विचारलं, "पोराला सांगितलं का लढाईचं?"

"न्हाय."

"मग अजून पहाऱ्यावरच हाय की तुमी."

ते लागलं मला. देवीपुढं शंभरदा डोकं टेकलं असेल, पण माणसापुढं कधी हात पसरला नव्हता. साहेबापुढं नाही, बायकोपुढंही नाही.

परवा जेवताना कापरं भरलं. पोरगा समोर होता. मी म्हणालो, "मला धर." तो ताटावरून उठला. "हात खरकटा हाय, आबा."

"असू दे," मी म्हणालो. त्यानं धरलं. शरण जाणं मला एवढंच कळलंय. तेवढं कळायला यल्लम्माआईनं मला जिवंत ठेवलं, हे तिचे उपकार.