बंदुकीचा वाटा

मागच्या विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागू असताना, भातकापणीच्या आठवड्यात, माझे काका रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी रानडुकराच्या हल्ल्यात वारले. वेळ सकाळची होती. ते शेजाऱ्याच्या खाचराच्या बांधाखाली सापडले. जवळ काठी आणि पत्र्याचा डबा पडला होता. त्यांची परवान्याची दुनळी बंदूक निवडणुकीच्या नियमाप्रमाणे पोलीस ठाण्यात जमा होती.

ती बंदूक भाईंदरमध्ये निवडली गेली.

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. वडील नोकरीसाठी मुंबईत आले आणि पुढे भाईंदर पूर्वेला फ्लॅट घेऊन राहिले. काका गावीच राहिले. त्यांच्याकडे आजोबांची ठासणीची बंदूक आणि शेतीसंरक्षणाचा परवाना होता. दारू, चिंधी आणि छर्रे गजाने ठासून भरायची ती बंदूक एका हंगामात नळीशी तडकली. त्या वर्षी डुकरांनी अर्धं भात लोळवलं. पुढच्या उन्हाळ्यात काका आमच्याकडे आले, ते नवी बंदूक घेण्यासाठी. बैलजोडी विकून आलेले पैसे त्यांच्याजवळ होते. त्यात एकच बंदूक येणार होती आणि तिनेच सगळी कामं करायची होती. माकडांना आवाजाने पळवायचं, आणि वनखात्याची परवानगी मिळालेल्या वेळी डुक्कर पाडायचं.

आल्या दिवशीच जेवताना त्यांनी सांगून टाकलं, "दादा, यंदा बंदूक न्हाय जमली तर शेत सोडतो. हितं येऊन वॉचमन होतो."

"ये की," वडील म्हणाले. "मी कधीपासून सांगतोय."

"वॉचमनला बंदूक फुकट देतात ना? मग झालंच काम."

आई हसली. वडील हसले नाहीत. काकांनी जमीन सोडून भाईंदरला यावं असं त्यांना खरोखर वाटत होतं.

आमच्या वाडीत बंदुकीला वाटा असतो. आजोबांच्या काळात शिमग्याच्या सुमारास शिकार व्हायची. मारलेल्या जनावराचे वाटे पडत, तेव्हा नेम धरणाऱ्याचा एक, कुत्र्याचा एक आणि बंदुकीचा एक वाटा वेगळा काढत. बंदुकीचा मालक घरी तापाने पडलेला असला तरी तो वाटा त्याच्या घरी जाई. पुढे शिकारीवर बंदी आली. शिकार थांबली, वाटा मात्र भातावर आला. ज्याच्याकडे बंदूक, त्याने भात पिकल्यापासून कापणी होईपर्यंत रोज सगळ्यांच्या बांधांवरून फेरी मारायची. मळणी झाली की प्रत्येक घराने त्याला टोपलीभर भात द्यायचं. पुढच्या हंगामाच्या राखणीचं ते आगाऊ देणं असतं. ठासणीची तडकली त्या वर्षी काकांनी वाटा घेतला नाही. कुणी तो आणूनही दिला नाही.

बंदूक घ्यायची म्हणजे आधी बघायची. भाईंदरला केबिन रोडवर एका सोनाराच्या दुकानाबाहेर बंदूक घेतलेला रखवालदार खुर्चीवर बसतो. उत्तर प्रदेशातला, मोठ्या मिशांचा माणूस. काका रोज सकाळी दूध आणायला निघत आणि त्याच्यासमोर उभे राहत. त्याला आधी संशय आला. मग ओळख झाली. दूध मी आणू लागलो.

"वजन कितना लगता है?" काकांनी त्याला विचारलं.

"वजन का क्या, चाचा. गोद में पड़ी रहती है."

"खांदा दुखता है क्या?"

"खांदा नहीं, कुर्सी चुभती है. आज तक एक गोली नहीं चली. ये तो दिखाने की चीज है."

"हमारा डुक्कर देखके नहीं भागता," काका म्हणाले. "वो शिकेला नहीं है."

रखवालदार इतका हसला की आतून सोनार बाहेर बघायला आला.

त्याची बंदूक दुनळी होती. काकांनी तेव्हाच दुनळी मनात धरली. वडिलांचं मत वेगळं होतं. दुकानातून कोरी एकनळी घ्यावी, ती हलकी असते, बिघडायला तिच्यात फारसं काही नसतं आणि पैशात बसते, असं ते म्हणत. कोरी दुनळी पैशात बसत नव्हती.

"एकच बार," काका म्हणाले. "तो उडाला की माणूस रिकामा. नवं काडतूस घालेपर्यंत डुक्कर काय थांबतंय?"

"मग दोन बार कशाला लागतात तुला?"

"पहिला आवाजाला. दुसरा जिवाला."

हा वाद आठवडाभर चालला. वजन हा मुद्दा दोघांनाही पटत होता. फेरी लांबची, बांध अरुंद, आणि काकांचं वय साठीकडे झुकलेलं. नळी लांब असेल तर मार लांब जातो, पण झुडपात अडकते. बारा बोअरची काडतुसं तालुक्याला मिळतात, दुसऱ्या मापाची मिळत नाहीत. बारीक छर्ऱ्याचं काडतूस माकडांना घाबरवायला आणि जाड छर्ऱ्याचं डुकराला, दोन्ही एकाच बंदुकीत चालायला हवं होतं. काका हे सगळं बोटांवर मोजत आणि शेवटी दोन बोटं जोडून वडिलांसमोर धरत. दोन नळ्या.

मग भाईंदरच्या पश्चिमेला, खाडीकाठच्या चौक गावातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे जुनी दुनळी विकायला आहे असं कळलं. ते मच्छीमार. त्यांच्या वडिलांनी खाडीवर बदकं मारायला ती घेतलेली. तो प्रकार केव्हाच बंद झाला होता, पण परवाना त्यांनी नियमाने चालू ठेवला होता. एका रविवारी वडील, काका आणि मी बसने तिकडे गेलो. ओट्यावर जाळी पडली होती. म्हाताऱ्यांनी खोळीतून बंदूक काढली, बिजागरीशी मधोमध दुमडून दोन्ही नळ्या उजेडाकडे धरल्या आणि काकांना आरपार बघायला लावलं. आत गंजाचा ठिपका नव्हता.

"खारी हवा हाय हितं," ते म्हणाले. "दर रविवारी तेल. बायकोला नाय लावला कधी एवढा."

आतून बायकोचा आवाज आला, "खरा हाय त्यांचा!"

"पोरं?" वडिलांनी विचारलं.

"एक बोटीवर, एक परदेशात. बंदूक कोनाला नको. त्यांना वाटतं बाबा येडा हाय."

त्यांनी काकांना उभं केलं. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायला सांगितली, मग डोळे उघडायला. काकांनी उघडले. नळ्यांच्या टोकाची, नेम धरायची माशी बरोबर दोन नळ्यांच्या मध्ये, नजरेसमोर होती. त्यांनी हे तीनदा केलं. तिन्ही वेळा तसंच.

"तुमचीच हाय," म्हातारे म्हणाले.

"जड नाही वाटत?" वडिलांनी काकांना विचारलं.

"हाय जड. पन खांद्याला बसली, दादा."

काकांची आणि म्हाताऱ्यांची बोली वेगळी, पण 'हाय' सारखं होतं. तेवढ्यावर भाव ठरला. परवाना कार्यालयांना कळवून, दोन्हीकडच्या नोंदी होऊन बंदूक काकांच्या नावावर व्हायला पावसाळा उजाडला. काका ती घ्यायला पुन्हा आले. म्हाताऱ्यांनी खोळ नवी शिवून दिली होती. खोळीच्या पैशाचं काकांनी विचारलं, तेव्हा ते जाळ्याकडे वळले. गावी जाताना काका केबिन रोडला जाऊन रखवालदाराला बंद खोळ दाखवून आले.

त्या हंगामात काकांनी रोज फेरी मारली. उजव्या नळीत बारीक छर्रा, डाव्या नळीत जाड. डाव्या नळीचं काडतूस एकदाही उडालं नाही, असं ते फोनवर सांगत. आवाजावरच काम भागत होतं. भात उभं राहिलं. मळणीनंतर वाडीतल्या प्रत्येक घराने बंदुकीचा वाटा आणून दिला. काकांनी त्यातला एक पोतं तांदूळ सडून भाईंदरला पाठवला. आम्ही तो गणपतीपर्यंत खाल्ला. वडिलांनी शेत सोडायचा विषय पुन्हा काढला नाही.

पुढच्या हंगामात भात पिवळं पडलं आणि निवडणूक जाहीर झाली. पोलीस पाटलांनी निरोप दिला. काका बंदूक ठाण्यात देऊन आले, पोच घेतली. निकाल लागला की परत मिळणार होती. रात्री त्यांनी वडिलांना फोन केला. फोन स्पीकरवर होता.

"आता फेरी बंद ठेव," वडील म्हणाले.

"कशी ठेवू? वाटा घेतलाय."

"बंदुकीचा वाटा आहे ना? बंदूक ठाण्यात आहे. लोकांना कळतं."

"लोकांना कळतं. पन तांदूळ खाऊन झालाय, दादा."

"मग परत देऊ आपण. मी देतो."

"खाल्लेला कसा देशील?" काका म्हणाले. "डबा बडवत जातो. आवाजालाच तर भितात ती."

नंतर त्यांनी आईला विचारलं, उरला आहे का थोडा तांदूळ. आईने संपला म्हणून सांगितलं. यंदा जास्त पाठवतो, असं ते म्हणाले. वडिलांशी त्यांचं ते शेवटचं बोलणं.

पुढचं सगळं काकी आणि शेजाऱ्यांनी सांगितलेलं आहे. त्या दिवशी काका उजाडताच निघाले. आपलं खाचर बघून झालं होतं. त्यातलं भात आदल्या दिवशीच कापलं होतं. वाडीच्या टोकाचं खाचर शेजाऱ्यांचं, कापायचं राहिलेलं. डब्याचा आवाज तिथपर्यंत ऐकू येत होता, मग थांबला. शेजारी विळा घेऊन आले तेव्हा काका बांधाखाली होते. मांडीला खोल जखम होती. गाडी मिळेपर्यंत रक्त थांबलं नाही. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तपासून मृत घोषित केलं. वनखात्याने पंचनामा केला. त्यात डुकराचे ठसे नोंदले आहेत.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलली होती. वडील आधी बांधावर गेले. डबा अजून तिथेच होता. त्यांनी तो उचलला, घरी आणला आणि पडवीत, बंदूक टांगायच्या खुंटीखाली ठेवला.

निकालानंतर बाकीच्या परवानाधारकांनी आपापल्या बंदुका परत नेल्या. काकांची देता आली नाही. ज्याच्याकडे परवाना नाही त्याला ती ताब्यात घेता येत नाही. वडिलांकडे परवाना नाही, माझ्याकडे नाही. मी चौकच्या म्हाताऱ्यांना बातमी सांगायला गेलो. ते ओट्यावर होते. त्यांनी एवढंच विचारलं, "बंदूक होती ना त्याच्याकडं?" होती, असं मी सांगितलं, आणि कुठे होती तेही.

मळणी झाल्यावर वाडीतली सगळी घरं टोपल्या घेऊन काकीकडे आली. टोकाच्या खाचरवाल्यांनी दोन आणल्या. काकी नको म्हणाली. त्यांनी टोपल्या पडवीत ओतल्या आणि गेले.

काकी माघात भाईंदरला आली. येताना तिने ते भात सडून आणलं. यंदा आमचं खाचर पेरलेलं नाही. बंदूक ठाण्यात जमा आहे.