पूल कोणी बांधला

फ्रेमवाल्यांनी चाळीस वर्षं लोकांच्या फोटोंना चौकटी घातल्या. नवरा-नवरी, गेलेले वडील, पदवी घेतलेली लेक आणि अर्थात पुढारी. पुढाऱ्यांत सर्वाधिक खप दोघांचा, चष्मेवाले आणि मिशीवाले. दोघांना जाऊन तीस वर्षं झाली, तरी त्यांच्यावरून आजही घरोघर जुंपते. फ्रेमवाले पक्के चष्मेवाल्यांचे. बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती आणि तिथल्या बायकांना नोकरीत कायम केलं ते मिशीवाल्यांनी. तेव्हा त्यांच्याविरुद्ध ब्र काढायची सोय नव्हती.

रोज संध्याकाळी सातला टीव्हीवर जुन्या राजकारणाचा कार्यक्रम लागायचा. दोघं शेजारी बसून तो बघत, म्हणजे भांडत. एकदा कुठल्याशा निवडणुकीवरून चार दिवस अबोला झाला होता. त्या चार दिवसांतही सातला दोघं सोफ्यावर हजर.

मग बायकोला अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, वाचा मात्र अडकली. समजायचं सगळं, पण शब्द ओठांशी येऊन थांबायचा आणि ती तोंड फिरवायची. वाचा सुधारायला येणारी मुलगी स्पष्टच म्हणाली, "काका, या तीन महिन्यांत काकूंनी बोलायचा प्रयत्न केला पाहिजे. नंतर अवघड आहे."

त्यात डॉक्टरांनी बजावलेलं, डोक्याला ताप देऊ नका. फ्रेमवाल्यांनी एवढंच धरून ठेवलं. भांडण बंद. सातला टीव्ही लावून ते मिशीवाल्यांचे गोडवे गाऊ लागले. "माणूस दूरदृष्टीचा होता हं," असं म्हणताना ते नजर टीव्हीवरून काढत नसत. एवढ्यावर न थांबता त्यांनी दुकानातला मिशीवाल्यांचा मोठा फोटो उत्तम सागवानी चौकटीत बसवला आणि टीव्हीच्या वर टांगला. बायकोने फोटोकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ते आनंदाचं आहे, असं फ्रेमवाल्यांना वाटलं. हुशार माणूस कधीकधी किती बावळट असतो.

लेक शनिवारी आली. फोटो बघून ती बापाला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"बाबा, भांडायचं सोडून तुम्ही हार मानलीत. आता आपलं काही खरं नाही, असंच वाटलं असणार तिला."

फ्रेमवाले ओट्याला टेकून उभे राहिले. तीनातले अडीच महिने उलटून गेले होते. त्यांना भीती वाटली. त्याच दुपारी त्यांनी फोटो उतरवून दुकानात नेला.

संध्याकाळी टीव्हीवर नदीवरच्या पुलाची जुनी चित्रफीत लागली. मिशीवाले फीत कापत होते.

"काय वाट्टेल ते दाखवतात," फ्रेमवाले म्हणाले. "पूल बांधला चष्मेवाल्यांनी. तुझा मिशीवाला नुसता कात्री घेऊन आला."

सोफ्यावर हालचाल झाली.

"खो," बायको म्हणाली. मान लाल झाली. "खोटं."

फ्रेमवाल्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"काय खोटं?"

"पै... पैसे..." ती थांबली. पुढचा शब्द फ्रेमवाल्यांच्या अगदी तोंडात आला होता. उभ्या संसारात त्यांनी तिचं एक वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं. आज ते गप्प बसले. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा अर्धं मिनिट पुढे गेला. "मंजूर... त्यांनी... केले."

बरोबर होतं. पैसे मिशीवाल्यांनीच मंजूर केले होते, हे फ्रेमवाल्यांना गेली वीस वर्षं पक्कं ठाऊक होतं. त्यांनी डोळे पुसले, रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.

"मला नाही पटत," ते म्हणाले. "पहिल्यापासून सांग."

ती त्यांच्याकडे वळून बसली.