पिवळी झाक

छापखान्यात त्यांना खऱ्या नावाने कुणी हाक मारल्याचं कुणाला आठवत नाही. गळ्यात दोरीला अडकवलेलं छोटं भिंग घेऊन ते दिवसभर यंत्रांमधून फिरत, छापून आलेला ताव उजेडात धरत, त्यावर भिंग टेकवत आणि म्हणत, "निळा चढलाय. उतरवा." म्हणून ते भिंगसाहेब. औषधाच्या खोक्यापासून मुलांच्या पुस्तकापर्यंत काहीही त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे. रंगाच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, आणि हे घरीही तितकंच खरं होतं. बायको नवे पडदे आणायची तेव्हा मुकाट्याने पावती जपून ठेवायची, कारण यांनी नाक मुरडलं की ते परत जायचे.

निवृत्त झालेली माणसं बागेत फेऱ्या मारतात, नाहीतर घरच्यांच्या कामात लुडबुड करतात. भिंगसाहेबांनी नवा कॅमेरा घेतला. खोकं उघडायच्या आधी त्यांनी हात धुतले, जेवणाच्या टेबलावर स्वच्छ कापड पसरलं.

"लेकीला पहिल्यांदा हातात घेतलंत तेव्हाही एवढे हात धुतले नव्हते," बायको म्हणाली.

"ती पडली असती तर ती रडली असती. हा पडला तर मी रडेन."

लेक लग्न होऊन त्याच शहरात राहायची आणि दर रविवारी यायची. जुना कॅमेरा त्यांनी तिला देऊन टाकला आणि बापलेकीची गट्टी जमली. दुपारी खिडकीपाशी खुर्ची मांडायची, त्यात आईला बसवायचं आणि दोघांनी दोन बाजूंनी फोटो काढायचे. नवी लेन्स आली की पहिली परीक्षा आईच्या चेहऱ्यावर. "माझ्या सुरकुत्या मोजायला एवढं यंत्र?" असं ती कुरकुरायची खरी, पण शनिवारी संध्याकाळीच केस धुऊन ठेवायची. मग तिघं संगणकावर फोटो बघत बसायची, एकमेकांची टिंगल करायची. इतकी वर्षं दमून घरी येणारा नवरा आता तासन्‌तास तिच्याकडे बघत होता. ती सुखात होती, आणि तेही.

आणि एका रविवारी फोटोत पिवळं आलं. फार नाही, नुसती झाक. डोळ्यांतला पांढरा भाग पांढरा नव्हता, जुन्या कागदासारखा दिसत होता. भिंगसाहेबांनी फोटो मोठा केला, पुढे वाकून पाहिलं आणि लगेच निदान केलं.

"काच पिवळं मारतेय. नवीन लेन्सचं हे असंच असतं."

संगणकावर त्यांनी डोळ्यांतला तोच भाग पांढरा धरला आणि बाकीचे रंग त्याला जुळवून घेतले. चेहरा गुलाबी, टवटवीत झाला. पुढच्या रविवारी कॅमेऱ्यावरचं रंगाचं बटणही फिरवून जास्त पिवळं काढावं लागलं. मग दोष खिडकीच्या पडद्यावर गेला आणि पडदा खाली उतरला. त्यानंतर खोलीच्या सायीच्या रंगाच्या भिंतीवर संशय आला, तेव्हा ती पांढरीशुभ्र रंगवून घेतली. घरभर रंगाचा वास भरला. वासाने जेवण जात नाही, असं बायको म्हणू लागली. वास गेला, तरी जेवण गेलं नाही. हातापायांना खाज सुटायची, तेव्हा तिने साबण बदलला. एवढी हुशार माणसं घरात, आणि प्रत्येक गोष्टीला काहीतरी कारण तयार!

"बाबा, माझ्याही कॅमेऱ्यात पिवळंच येतंय," लेक एकदा म्हणाली.

"तुझा जुना झालाय, बाळा."

तिने मान डोलावली. रंगाबद्दल बाबांशी वाद घालायची त्या घरात रीतच नव्हती.

शेवटी चिडून ते कॅमेरा घेऊन दुकानात गेले. पुरावा म्हणून बायकोलाही सोबत नेलं. दुकानदाराने त्यांचं सगळं ऐकून घेतलं, मग कपाटातला दुसरा कोरा कॅमेरा काढला आणि गल्ल्यावरच्या मुलीला काकूंच्या शेजारी उभं करून दोघींचा फोटो घेतला.

"बघा! याच्यातही तेच!" भिंगसाहेब जिंकल्यासारखे म्हणाले. "तुमचा सगळा मालच सदोष आहे."

दुकानदार फोटोकडे बघत राहिला. मग त्याने मान वर करून काकूंकडे पाहिलं. बायको पलीकडे खुर्ची शोधत होती, हल्ली तिला उभं राहवत नसे.

"काका," तो आवाज उतरवून म्हणाला, "शेजारच्या मुलीचा रंग बरोबर आलाय. कॅमेऱ्यात काही नाही. काकूंना डॉक्टरकडे न्या. आजच न्या."

भिंगसाहेबांनी वळून पाहिलं. मध्ये काच नव्हती, पडदा नव्हता, दुकानातला उजेड पांढरा लख्ख होता. त्यांची बायको पिवळी होती.

पोटात गाठ निघाली. ती पसरली होती, शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती. डॉक्टरांनी कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "डोळे पिवळे कधीपासून दिसताहेत?"

उत्तर त्यांच्याकडे नेमकं होतं. प्रत्येक फोटोबरोबर त्याची तारीख असते.

"लक्षात नाही," ते म्हणाले. लेकीने मान खाली घातली.

नंतर बायको घरीच होती, खिडकीपाशी लावलेल्या पलंगावर. दोष कुणाचा हे घरात कुणी बोललं नाही. बोलली ती एकदा तीच. "तुम्ही काचेला नावं ठेवलीत, पडद्याला ठेवलीत, भिंतीलासुद्धा. माझ्यात काही बिघडलं असेल हे तुमच्या मनातच आलं नाही. जाऊ द्या ना आता." तिने त्यांना मोकळं करून टाकलं होतं. त्यांना मात्र ते ऐकवेना. ते उठून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले.

एका रविवारी तिने लेकीला कॅमेरा आणायला सांगितलं.

"काढा ना माझा फोटो. किती दिवस झाले."

"बरी हो, मग काढू."

"अहो, उगाच काहीतरी बोलू नका. काढा."

त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. बोट सवयीने रंगाच्या बटणाकडे गेलं. तिला इतक्या दिवसांत त्यांच्या बोटांची सगळी चाल ठाऊक झाली होती.

"नका," ती म्हणाली. "आहे तसं राहू दे."

ती गेल्यावर भिंतीवर लावण्यासाठी लेकीने फोटो निवडायला घेतले. संगणकावर आईचे खूप फोटो होते, सगळे गुलाबी, सगळे सुंदर, आणि त्या सगळ्या दिवसांत ती आतून संपत चालली होती. लेकीने त्यातला एक काढून ठेवला. बापाने तो बाजूला सारला आणि शेवटचा फोटो छापखान्यात पाठवला, मोठा करून छापायला.

संध्याकाळी फोन आला. त्यांच्या हाताखाली शिकलेला, आता त्यांच्याच जागी असलेला माणूस बोलत होता. आवाजात आदब होती, थोडा संकोचही.

"साहेब, वहिनींचा फोटो लावलाय यंत्रावर. पिवळा फार चढलाय. उतरवतो, दोन मिनिटांचं काम आहे. म्हटलं, तुम्हाला विचारावं."

"नको."

"अहो, पण साहेब, बरं नाही दिसत ते. तुम्हीच शिकवलंत आम्हाला."

"चुकीचं शिकवलं," भिंगसाहेब म्हणाले. "ती अशीच होती. माझ्यासमोर बसली होती रे, आणि मी दर रविवारी उतरवत गेलो."

पलीकडून यंत्राचा आवाज तेवढा येत राहिला.