शाळा पसंत करायला गेलेल्या दोघी

बरोबर पावणेदहाला मी आणि माझी थोरली नणंद आक्का परभणीच्या स्टँडवर एस.टी.तून उतरलो आणि तिथून माझ्या शहाणपणाला सुरुवात झाली. ऐका आता. हसायचं ते शेवटी हसा, मधे नको.

आम्ही पेडगावचे, घरची शेती. माझ्या मंजूला पहिलीत घालायचं होतं. परभणीत यंदा एक नवी शाळा निघाली, अमेरिकेच्या पद्धतीनं शिकवणारी. मॅडम तिकडं राहून आलेल्या, पुस्तकंही तिकडचीच. शाळेची जीप पेडगावापर्यंत येते. मालक म्हणाले, "मला पेरणीतून सवड न्हाई. तूच बघून ये. तुला बरी वाटली तर घालू पोरीला."

मी सातवी शिकलेली. अमेरिकेच्या शाळेची परीक्षा मी कशी घ्यायची? चुकलं तर पोरीच्या जन्माचं नुकसान. धास्तीनं मला घास गोड लागेना. शेवटी आक्काला विचारलं. भावकीतल्या निम्म्या सोयरिकी आक्कानं जमवलेल्या.

"त्यात काय अवघड हाय?" आक्का म्हणाली. "सून बघताव तशीच शाळा बघायची."

आणि मला ते पटलं. काय सांगू, अगदी मनापासून पटलं.

सून बघायची म्हणजे आधी शेजारीपाजारी चौकशी. शाळेला लागून पिठाची गिरणी होती, तिथं गेलो. गिरणीवाला म्हणाला, "लय गरीब शाळा हाय बघा. पाढ्याचा आवाज सुदिक येत न्हाई."

आक्कानं माझ्याकडं बघितलं, मी आक्काकडं. पाढे रस्त्यापर्यंत ऐकू येत नाहीत ती कसली शाळा?

आत गेलो तर पोरं चटईवर पसरलेली. एक पोरगा तागडीत वाळू तोलत होता. दोघी जणी सुतळी घेऊन बाईंची उंची मोजत होत्या. एक चिमुरडी बाईंनाच विचारत होती, "पण हे असंच कशावरून?" आणि बाई रागवायच्या सोडून खूश. छडी तर औषधाला नव्हती.

"पोरं बाईला उलटून बोलायलेत," आक्का कुजबुजली. "वळण न्हाई."

मॅडम आल्या. नमस्कार झाला. आक्कानं सुरुवात केली, "मूळ गाव कोणतं तुमचं?"

"लातूरकडचं."

"अन् मामा काय करतेत?"

मॅडम जरा गोंधळल्या, पण मामा रेल्वेत होते हे त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, "मुलीला आणायचं होतं. आम्ही तिला बघितलं असतं."

"बघायला आमी आलाव," आक्का म्हणाली.

मॅडम हसल्या. म्हणाल्या, "पहिलीत एकच जागा उरली आहे. लवकर ठरवा."

आक्कानं मला चिमटा काढला. "पोरीकडचे असंच म्हणतेत. दुसरं स्थळ आलंय मनून घाई करतेत."

तेवढ्यात पोरांनी स्वतः मोजूनमापून वळलेले लाडू आले. आता आमच्या घरची रीत अशी, की पसंती ठरेपर्यंत त्या घरचं गोड तोंडात घालायचं नाही. घातलं की होकार झाला. सकाळपासून पोटात कावळे ओरडत होते, तरी मी ताटली मागं सारली. लाडू घेऊन आलेल्या पोरीचं तोंड एवढंसं झालं.

निघताना मी पदर सावरला आणि भारदस्तपणे म्हणाले, "घरी विचार करून कळवतो."

शाळा मनातून मला आवडली होती, खोटं कशाला सांगू? पण वरपक्षानं लगेच हो म्हणायचं नसतं. त्यांचा माणूस विचारायला येईल, मग थोडे आढेवेढे घेऊ, मग हो म्हणू. तोवर वजन राहावं म्हणून गावभर शाळेला नावं ठेवत फिरले. पाढे नाहीत, छडी नाही, पोरं बाईंना प्रश्न विचारतात.

चार दिवस गेले, माणूस येईना. विद्यापीठाच्या नामांतरावरून सारखे बंद चालले होते. मला वाटलं, गाड्या नसतील, अडकला असेल बिचारा.

एक दिवस जेवताना मालकांनी विचारलं, "शाळेचं काय झालं?"

"त्यांचा माणूस यायचाय अजून."

"कोणाचा माणूस?"

मी सगळं सांगितलं. मालकांच्या हातातला भाकरीचा तुकडा हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी ते स्वतः मला घेऊन शाळेत गेले. जागा भरली होती. आणि कोणी भरली? आमच्या शेजारच्या लक्ष्मीच्या पोरीनं.

मी घरी येऊन लक्ष्मीला गाठलं. "अगं, मी एवढी नावं ठेवली तरी तू गेलीस?"

"नावं कुठं ठेवली, वैनी? तुमीच तर सांगितलं, तिथं मारत न्हाईत अन् पोरं बिनघोर इचारतेत. मला लय आवडलं. तिथले लाडू बी झकास होते."

मॅडम म्हणाल्या आहेत, पुढच्या जूनमध्ये बघू. तोवर धीर धरवत नाही म्हणून सगळ्यांना सांगत सुटले आहे. तुमच्यापैकी कोणी परभणीला निघालं तर शाळेत माझा एवढा निरोप द्या. म्हणावं, पेडगावकरांना शाळा पसंत आहे. मानपानाची काही अपेक्षा नाही.