हवेत फुटलेला दगड

कोंडीबाची सगळी अब्रू एका दगडावर उभी होती, आणि तो दगडही फुटून अठ्ठावीस वर्षं झाली होती.

मंगळवेढ्याकडं ज्वारीची राखण करण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं. रानात चार बांबूंवर बांधलेल्या माळ्यावर उभं राहायचं, गोफण गरगरा फिरवायची आणि पाखरांच्या नावानं ओरडायचं. एकदा शेजारच्या रानातून तिथल्या राखणदार बिरुदेवाचा दगड सुटला, इकडून कोंडीबाचा सुटला आणि दोन्ही वरच्या वर 'ठाक्' करून फुटले. कोंडीबानं उडता दगड उडवला, ही बातमी बिरुदेवानंच गावभर केली. पुढं लग्नाच्या पंगतीतही ती वाढली जाऊ लागली. खुद्द कोंडीबा काही बोलत नसे, नुसता मिशीतल्या मिशीत हसे. हसणाऱ्याकडं पुरावा कोण मागतो?

आता तो सोलापुरात, नवी पेठेत, ईश्वरप्पांच्या कापडदुकानाच्या दारात स्टुलावर राखणीला बसतो. समोर पाखरांऐवजी गिऱ्हाइकं. यांना हाकलायचं नसतं, हे अंगवळणी पडायला त्याला पहिला आठवडा लागला.

मुलगा सयाजी आखातात एसी दुरुस्त करतो. तिकडं लढाई पेटली, आणि घरात बायकोचं, मथुराबाईचं, जेवण तुटलं. "अवो, ती क्षेपणास्त्रं खरंच वरच्या वर फोडत्यात का?" एवढंच ती आठवडाभर विचारत होती. "फोडत्यात की," कोंडीबा सांगायचा. ते खोटं नव्हतं. फक्त निम्मं होतं.

त्या संध्याकाळी ती त्याचा डबा घेऊन दुकानात आली आणि तेवढ्यात सयाजीचा व्हिडिओ कॉल आला. ईश्वरप्पाही गल्ला सोडून फोनमध्ये डोकावायला आले.

"आबा, हे बघा, गच्चीवर हाय मी! काल सात आली, सातच्या सात वरच फोडली. दिवाळीच की!"

"इमारतीला तळघर हाय न्हवं?"

"हाय. पण तितं रेंज न्हाय आन् उकाडा लई. भ्यायचं कशाला? तुमी साध्या गोफणीनं उडता दगड फोडलात. ह्यांच्याकडं तर कम्प्युटर हाय!"

"बरोबर बोलला की!" ईश्वरप्पा खूश झाले. "आमच्या कोंडीबाचंच मोठं मॉडेल म्हणायचं ते."

कोंडीबा हसला नाही. पोरगं गच्चीवर उभं होतं ते आपल्याच मिशीतल्या हसण्याच्या जोरावर, हे त्याला आत्ता दिसलं. त्यानं एकदा ईश्वरप्पांकडं पाहिलं, एकदा बायकोकडं, आणि घसा खाकरला.

"सयाजी, त्यो दगड म्या मारला न्हाय."

"आँ?"

"माझा नेम साळुंक्यांच्या थव्यावर हुता. बिरुदेवाचा दगड मधीच तडमडला."

ईश्वरप्पांनी चष्मा काढून पुसला, जणू ऐकण्याचं कामही तोच करत होता.

"थट्टा करताय, आबा."

"न्हाय रे लेकरा. गोफण पाखरू पाडायला नसती, भिववायला असती. थवा आला की ओटीतलं खडं सरत्यात, पाखरं न्हाय सरत. धा उठवली तर दोन कणसावर बसत्यातच. ती माणसं माझ्यापेक्षा हुशार हायत, पाडतबी असतील लई. पर समदीच पडतील, ह्याची हमी कोण देणार? आन् जे फुटतंय त्ये जातंय कुटं? वरच राहतंय व्हय?"

मथुराबाईनं पुढं होऊन फोन हातात घेतला आणि कपाळावरचा पदर मागं सारला. भुवईच्या वर जुन्या जखमेचा पांढरा व्रण होता.

"हितं आला त्यातला निम्मा दगड. मी माळ्याखाली काटक्या येचत हुते."

"आये, ते तर बैलाचं शिंग लागलेलं ना?"

"तुज्या आबाचं नाव झालं हुतं गावात. म्हणून बैलाला बदनाम केला." तिनं फोन आणखी जवळ धरला. "खाली जा, राजा. उकडलं तर उकडू दे."

तिकडं भोंगा वाजायला लागला. फोनमध्ये गच्चीचं दार दिसलं, मग पायऱ्या, मग सयाजीची धापा टाकणारी हनुवटी, मग भिंत. चित्र गोठलं आणि गेलं.

ईश्वरप्पा घाबरले. "लावा, लावा, परत लावा!"

कोंडीबानं लावला. समोरचा नंबर संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे, असं एक बाई मंजुळ आवाजात सांगू लागली.

"रेंज गेली," तो म्हणाला.

"म्हंजी पोचला तळघरात," मथुराबाई म्हणाली आणि तिथंच पायरीवर टेकली. डबा उघडला. एक भाकरी त्याच्यापुढं ठेवली, दुसरीतला चतकोर स्वतःसाठी मोडला. आठवड्यात पहिल्यांदा.

कोंडीबानं भाकरी हातातच धरली आणि तिच्या कपाळाकडं पाहिलं. "लई लागलं हुतं का गं तवा?"

"अठ्ठावीस वर्सांनी इचारताय व्हय?" तिनं चटणी त्याच्याकडं सरकवली. मग घास चावता चावता फोनकडं बोट केलं.

"अवो, त्या बाईला आजून एकदा लावा की. बाहेरच हाय म्हणती का, बघू."