चार मिलिमीटर जास्त

जगातली प्रत्येक गोष्ट मोजता येते, आणि मोजली नाही तोवर ती आहे असं धरता येत नाही, असं मनापासून मानणारे गृहस्थ मी आजवर एकच पाहिले. ते माझ्या खालच्या मजल्यावर राहतात. भोसरीतल्या आमच्या इमारतीत त्यांना सगळे 'इन्स्पेक्शनवाले' म्हणतात. निघोजे इथल्या एका कंपनीत तयार झालेले सुटे भाग तपासायचे आणि पास की नापास ते ठरवायचं, हे त्यांचं काम. बीडकडून आल्यापासून वीस-बावीस वर्षं ते हेच करतात. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन असतं तसा व्हर्निअर असतो, म्हणजे केसाएवढा फरक दाखवणारी पोलादी सरकती मोजपट्टी. रविवारीही असतो. मंडईत भेंडीवर त्यांनी तो लावला, तेव्हा भाजीवाली म्हणाली की पास-नापास काय ते लवकर सांगा, मागं गिऱ्हाईक थांबलंय. न्हाव्याकडून उठण्याआधी ते दोन्ही कानांजवळचे कल्ले मोजून घेतात. इमारतीच्या पार्किंगमध्ये रंगाऱ्यानं मारलेले पट्टे दोन बोटं तिरके निघाले म्हणून त्यांनी ते पुसायला लावले. रंगारी पट्टे पुसत असताना ते शेजारी उभे राहून त्याला चहा पाजत होते, हेही नोंदवायला हवं. एकदा त्यांनी ताटातली पोळी मोजली. वहिनींनी लाटणं आणून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यानंतर पोळी मोजली गेल्याची माहिती माझ्याकडे नाही.

या माणसाच्या सहीला कंपनीत मोठा मान होता. सहीशिवाय माल बाहेर जात नसे, आणि खोट्या मापावर सही होत नसे. एकदा वरचे साहेब स्वतः खाली आले आणि म्हणाले की थोडाच फरक आहे, करा सही, गाडी उभी आहे. इन्स्पेक्शनवाले त्या मालाच्या पेटीवर जाऊन बसले आणि गाडी रिकामी परत जाईपर्यंत उठले नाहीत. ही हकीकत मला त्यांच्याकडून आणि त्यांच्या कंपनीच्या बसच्या ड्रायव्हरकडून स्वतंत्रपणे समजली आणि दोन्हींत फरक नव्हता. पण त्यांची खरी कीर्ती वेगळ्या गोष्टीसाठी होती. दर तासाला जॉब, म्हणजे मशीनवरून निघालेला सुटा भाग, मोजून आकडा लिहायचा, असा नियम असतो. काही पोरं ते न करता शिफ्ट सुटताना चहा पीत आठ तासांचे आकडे एकदम भरून टाकतात. असा कागद ते लांबून बघूनच ओळखत. "खरं माप थोडं हलतं, राव," ते मला सांगत. "जे माप अजिबात हलत नाही, ते माणसानं बसून लिहिलेलं असतं."

त्यांना दोन मुलं. थोरली वैष्णवी आणि तिच्याहून दोन वर्षांनी लहान ओंकार. दोघं एकाच शाळेत. कंपनीत रोज सकाळी मशीन सुरू झालं की पहिला निघालेला जॉब तपासायला आणतात. तो बरोबर असला की त्याच्यावर हिरव्या रंगाचा ठिपका देऊन तो मशीनवर ठेवतात, आणि दिवसभर निघणारा प्रत्येक जॉब त्याच्याशी ताडून बघतात. ही पद्धत त्यांनी घरी आणली. थोरली पहिलीपासून पहिली येत होती. तिची वही शाळेत नमुना म्हणून फिरत असे, डबा रिकामा परत येई, पाण्याची बाटली चौथीपर्यंत तीच टिकली. त्यांनी मनातल्या मनात तिला हिरवा ठिपका दिला आणि धाकट्याला तिच्याशी ताडायला घेतलं. लोखंडी कपाटाच्या दाराला आतून त्यांनी आलेखाचा कागद चिकटवला. हिरवी रेघ थोरलीची, निळी धाकट्याची. शाळेच्या डायरीत बाईंनी तक्रार लिहिली की ती पालकाच्या सहीसाठी घरी येई. प्रत्येक सहीमागं ते त्या रेघेवर एक लाल टिंब लावत. हिरवी रेघ दोरी ताणल्यासारखी सरळ होती. निळी रेघ वरंधा घाटातून निघाली होती आणि वाटेत तिला गोवर झाला होता.

धाकट्याबद्दल खोटं कशाला लिहू, तो वाईट मुलगा कधीच नव्हता. फक्त त्याला वर्गात कंटाळा येई आणि त्याचा कंटाळा इतरांना ऐकू येई. हजेरीला त्यानं गैरहजर असलेल्या तीन मित्रांची 'हजर' तीन वेगळ्या आवाजांत दिली होती. गैरहजरांतली एक मुलगी होती, तिथं तो सापडला. पंखा कुरकुरतो म्हणून बाकावर बाक चढवून त्यात डोक्याचं तेल घालायला निघाला होता. प्रत्येक नव्या इयत्तेत नव्या बाई हजेरीपट बघून विचारत, तू वैष्णवीचा भाऊ ना. गणिताच्या बाईंनी तर पुढं जाऊन विचारलं होतं, "सख्खा?" हे तो स्वतःच हसून सांगायचा. पण घरी कपाटाचं दार उघडलं, लाल टिंब लागलं, की त्याचं हसू बंद व्हायचं. ते ओरडत नसत, हात तर कधीच उगारला नाही. नुसतं टिंब लावून पेनाचं टोपण बसवत. तेवढ्यानं तो पोरगा दोन-दोन दिवस मुका होऊन जेवायचा.

मग धाकटा सातवीत गेला आणि लाल टिंबं थांबली. एक महिना, दोन महिने, सहामाही गेली, वर्ष गेलं, तो आठवीत आला, तरी टिंब नाही. गुण होते तसेच राहिले, पण वर्तनाची बाजू हिरव्या रेघेइतकी स्वच्छ. इन्स्पेक्शनवाले पेढे घेऊन वर माझ्याकडे आले. मशीन जागेवर आलं की जॉब आपोआप बरोबर निघतो, असं त्यांनी मला समजावलं. दीड वर्ष जराही न हललेलं माप समोर असताना कंपनीतल्या पोरांचा कर्दनकाळ तोंडात पेढा धरून खुशीत उभा होता. माझ्याही ते लक्षात आलं नाही, कारण पेढा चांगला होता.

त्या जानेवारीत थोरली दहावीत होती आणि विज्ञान प्रदर्शनाला दोन दिवस मुक्कामी गेली होती. नेमकं त्याच वेळी धाकट्याच्या दप्तरातून मराठीच्या तासाला मांजराचं पिल्लू बाहेर आलं. संध्याकाळी तो डायरी घेऊन वडिलांपुढं उभा राहिला. त्यांनी वाचलं, सही केली, कपाट उघडलं आणि दीड वर्षानं एक लाल टिंब लावलं. तिसऱ्या दिवशी शाळेतून फोन आला. मुलानं डायरीवर वडिलांची खोटी सही केली आहे, त्याला कबड्डीच्या संघातून काढलंय, येऊन भेटा.

कबड्डी ही एकच गोष्ट अशी होती की जिथं धाकट्याला कोणी बहिणीशी ताडून बघत नव्हतं. शनिवारी आंतरशालेय सामने होते आणि चढाईचा भरवसा त्याच्यावर होता. इन्स्पेक्शनवाले वर आले. अंगावर कंपनीचा गणवेश, खिशात व्हर्निअर, हातात भिंग. म्हणाले, "पत्रकार, चला. बाहेरचा तटस्थ माणूस पाहिजे. सही मी स्वतः केलीय आणि पोराला खोटं पाडतात."

शाळेत मुख्याध्यापिका मॅडमनी आमच्यापुढं दोन डायऱ्या उघडल्या, यंदाची आणि गेल्या वर्षीची. दोन्हींत मिळून सतरा तक्रारी, सतरा सह्या, सगळ्या एकसारख्या. सुरेख, पूर्ण आडनाव, शेवटी उजवीकडे लांब शेपूट. अठरावी मांजराच्या तक्रारीखालची. ती म्हणजे एक कोयता आणि दोन टिंबं. दिवसाला दोनशे कागदांवर करून करून त्यांची सही झिजून तेवढीच उरली होती. मॅडम शांतपणे म्हणाल्या की तुम्हीच बघा, सतरा जुळतात, एक जुळत नाही. खोटी कोणती?

हा हिशेब त्यांच्याच पद्धतीनं मांडलेला होता, त्यामुळं त्यात चूक काढता येईना. त्यांनी भिंग लावलं. पहिली सही बघितली, मग दुसरी. पाचव्या सहीशी त्यांचा हात थांबला. त्या सहीतली गोल आणि टपोरी अक्षरं मीही ओळखली. ते अक्षर शाळेत नमुना म्हणून फिरत होतं. धाकटा भिंतीला टेकून स्वतःच्या बुटांकडे बघत होता. त्यानं तोंड उघडलं असतं तर तो सुटला असता, आणि ते त्यानं उघडलं नव्हतं.

आता प्रश्न साधा होता. अठरावी खरी म्हटली तर धाकटा संघात जातो, पण सतरा सह्या कोणाच्या, हे सांगावं लागतं. दोन महिन्यांवर थोरलीची दहावीची परीक्षा होती, त्यानंतर शाळा सोडल्याचा दाखला मिळणार होता, आणि त्या दाखल्यावर 'वर्तणूक' असा एक रकाना असतो. मालाच्या पेटीवर बसलेला माणूस मला आठवला. तो काय करील याबद्दल माझी खात्री होती आणि ती चुकीची निघाली.

"मॅडम," ते म्हणाले, "या सगळ्या माझ्याच आहेत."

"आणि ही?"

"तीपण. त्या दिवशी घाई होती."

मॅडमनी कोरा कागद पुढं केला आणि इथं करून दाखवा म्हणाल्या. त्यांनी पेन घेतलं. समोरच्या डायरीकडे एकदा बघितलं, जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरली, आणि पहिलीतलं मूल पाटीवर काढतं तसं एकेक अक्षर काढत आपलं आडनाव लिहिलं. शेपूट ओढताना कपाळावर घाम होता. मॅडमनी कागद डायरीशेजारी धरला, हो, जुळते म्हणाल्या, आणि धाकट्याला संघात परत घेतलं. वर त्याला ऐकवलं की बहिणीकडून काहीतरी शीक.

"शिकतोय, मॅडम," उत्तर वडिलांनीच दिलं.

बाहेर आल्यावर त्यांनी गाडीला किल्ली लावली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "तटस्थ पार्टी, आज काय बघितलंत?" मी म्हणालो, काही नाही. ते म्हणाले, बरोबर.

संध्याकाळी थोरली परतली. मी त्यांच्याकडे चहाला होतो, उठू लागलो तर त्यांनीच बसवलं. त्यांनी तिच्यापुढं कागद-पेन ठेवलं आणि माझी सही कर म्हणाले. तिनं एकदा भावाकडे बघितलं आणि केली. कुठून शिकलीस विचारलं तेव्हा ती म्हणाली की पहिलीच्या माझ्या प्रगतिपुस्तकावरून, तेव्हा तुम्ही पूर्ण सही करायचात. मग त्यांनी का केलीस ते विचारलं.

"लाल टिंब लागलं की तो दोन दिवस बोलत नाही, पप्पा," ती म्हणाली. "मला त्याची बडबड ऐकल्याशिवाय अभ्यास होत नाही."

मग त्यांनी खिशातून व्हर्निअर काढला, ताज्या सहीवर ठेवला, कपाटातून ते जुनं प्रगतिपुस्तक काढून त्यातल्या सहीवर ठेवला, आणि निकाल दिला, "शेपूट चार मिलिमीटर जास्त."

पुढं जे झालं ते मी अजून इमारतीत सांगतो. शाळेत आता थोरलीचीच सही खरी ठरली होती, तेव्हा ती शिकणं वडिलांना भाग होतं. ते सही करत, थोरली भिंग लावून तपासत असे आणि नापास करून परत देत असे. "पप्पा, शेपूट आखडतंय." धाकटा जमिनीवर लोळून हसत होता. मग त्यांनी कपाट उघडून राहिलेली सतरा टिंबं लावायला घेतली, प्रत्येक टिंबाला धाकट्याकडून त्यामागची पूर्ण हकीकत ऐकत. सातव्याला तेही हसू लागले, अकराव्याला वहिनींची भाजी करपली. वहिनींना हे सगळं आधीपासून माहीत होतं का, ते मी विचारलं नाही. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही, एवढंच लिहितो. शेवटी त्यांनी एक लाल टिंब हिरव्या रेघेवर लावलं, तिच्या आयुष्यातलं पहिलं. थोरली कितीतरी वेळ ते बघत उभी होती आणि मग भावाला म्हणाली की बघ, मलाही आहे. नमुन्याचा जॉबही अधूनमधून तपासायचा असतो, आपण दहा वर्षं तपासलाच नाही, असं ते मला जिन्यात म्हणाले. शनिवारी धाकट्याची शाळा उपांत्य फेरीत हरली, पण त्याच्या चार चढाया त्यांनी मला जिन्यात उभं राहून हातवाऱ्यांसकट दाखवल्या. त्यात मोजमाप एकही नव्हतं.

थोरली आता नागपूरला इंजिनिअरिंगला आहे, वसतिगृहात. धाकटा डिप्लोमा करतो, कबड्डी खेळतो, आणि जेवताना फोन ताटाशेजारी उभा करून तिच्याशी बडबडतो. कपाटाच्या दारावरचा कागद तसाच आहे. हिरवी रेघ बारावीपाशी थांबली आहे, कागद तिथं संपला. त्यांनी पुढं नवा जोडला नाही.

परवा सोसायटीच्या कागदावर सही घ्यायला मी खाली गेलो. कोयता आणि दोन टिंबांचं काम, उभ्या उभ्या उरकेल असं धरून गेलो होतो. ते खुर्ची ओढून बसले, चष्मा लावला आणि पूर्ण आडनाव लिहू लागले. कंपनीतही आता हीच सही करतात. दोनशे कागदांना वेळ लागतो म्हणून त्यांची बस चुकते, मागच्या बसनं येतात. बँकेतही हाच नमुना देऊन आले आहेत. मी म्हणालो, शाळेचं काम केव्हाच संपलं, जुनी सही सोपी होती. त्यांनी मान हलवली. अक्षरं पूर्ण करून ते शेपटाशी आले. तिथं पेन क्षणभर थांबलं. माप त्यांना ठाऊक होतं. मग त्यांनी शेपूट उजवीकडे ओढलं, आणि चार मिलिमीटर जास्त ओढलं.